पाच पंचवीसचा गजर

ढोकणेबाईंच्या टेबलावर गजराचं एक घड्याळ होतं. हिरवट रंगाचं, पाठीमागे चावी असलेलं, आणि आवाज असा की पहिल्यांदा कामासाठी आलेले मुख्याध्यापक दचकून खुर्चीतून अर्धे उठत. रोज संध्याकाळी पाच पंचवीसला ते वाजायचं. लोक जागं होण्यासाठी गजर लावतात, बाई घरी जाण्यासाठी लावत. पुढच्या पाच मिनिटांत त्या पेनाला टोपण घालायच्या, संगणकावर फुलाफुलांचं फडकं पांघरायच्या, रिकामा डबा पिशवीत टाकायच्या आणि बरोबर साडेपाचला दारात उभ्या राहून आम्हा सगळ्यांना म्हणायच्या, "चला, येते मी. तुमी बसा वाट बघत." आमच्यातल्या शेळक्यांनी त्यांचं नाव 'साडेपाच' ठेवलं होतं. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची आमच्यापैकी कुणाची छाती नव्हती.

वाट कशाची बघायची, ते सांगतो. आमची एक शिक्षण संस्था. राहुरी, नेवासा आणि आसपासच्या तालुक्यांत शाळा, आणि जिल्ह्याच्या गावी, सावेडीत, मुख्य कार्यालय. कार्यालयाची वेळ दहा ते साडेपाच, असं दारावरच्या पाटीवर रंगवलेलं आहे. पण खरी वेळ पाटीवर नव्हती, ती खाली पोर्चमध्ये उभी असे. सचिवसाहेबांची पांढरी गाडी. ती हलेपर्यंत कुणी हलायचं नाही, हा नियम कुठल्याही ठरावात नाही, आणि तो मोडताना मी ढोकणेबाईंखेरीज कुणाला पाहिलं नाही. जिल्ह्याचं नाव बदललं, नवी लेटरहेडं छापून आली, पण गाडीचा नियम जुना तो जुनाच राहिला. साहेब अकराला यायचे, एकला जेवून आडवं व्हायला घरी जायचे, साडेचारला ताजेतवाने होऊन परत यायचे आणि सहाच्या सुमारास त्यांना कामाची तरतरी यायची. तरतरी म्हणजे आल्यागेल्याशी गप्पा. साहेबांना घरी करमत नसे, एवढंच त्यामागचं कारण. एका माणसाला घरी करमत नाही म्हणून चौदा माणसं आपापल्या घरी जात नव्हती.

साडेपाचनंतर गाडी हलेपर्यंतच्या दोन-अडीच तासांत आम्ही काय करत होतो, हे सांगायला आता लाज वाटते, तरी सांगतो. भेळ मागवायचो. शेळके मोबाईलवर क्रिकेट बघायचे आणि चौकार गेला की टेबलाखाली पाय आपटायचे. खिडकीजवळ बसणाऱ्याकडे पोर्चवर नजर ठेवायचं काम असे. आणि प्रत्येकाची एक 'संध्याकाळची फाईल' ठरलेली असे, जी साडेपाचला उघडायची आणि साहेब केबिनबाहेर आले की तिच्यात डोकं खुपसायचं. माझी फाईल नेवाशाच्या शाळेच्या कुंपणाची होती. जाडजूड, नकाशे जोडलेली, लांबून बघणाऱ्याला वाटावं की हा माणूस काहीतरी अवघड सोडवतो आहे. तिचं एकोणिसावं पान माझ्या बोटांनी काळं पडलं होतं. खिडकीतून "हलली" असा शब्द आला की चौदा फायली एकदम मिटायच्या.

बाई साडेपाचला जातात, याचा आम्हाला राग नव्हता. राग होता तो त्या कारण देत नाहीत याचा. सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, पोरांचा अभ्यास घ्यायचाय, स्वयंपाक व्हायचाय, यातलं एखादं कारण त्यांनी दिलं असतं तर आम्ही मोठ्या मनानं माफ केलं असतं, वर "बिचारीची फार ओढाताण होते" असंही म्हटलं असतं. राहुरीला जाणारी पाच पन्नासची एसटी तारकपूर स्टँडवरून सुटते, हे कारण तर आम्हीच त्यांना शोधून दिलं होतं. पण बाई ते घेईनात. "यष्टी नसती तरी गेलेच असते," म्हणाल्या. मी एकदा खोदून विचारलं, "पण बाई, घरी जाऊन एवढं करता तरी काय?" बाई म्हणाल्या, "बसते."

"बसता म्हणजे?"

"ओट्यावर बसते. येनारीजानारीशी बोलते. मालक चहा करत्यात, तो पिते." मालक म्हणजे त्यांचे यजमान. त्यांची राहुरीत पिठाची गिरणी होती. घरी जाऊन बाई नुसती बसते आणि नवरा चहा करतो, हे ऐकल्यावर आमच्या कार्यालयात दोन दिवस दुसरा विषय नव्हता. शेळके तर म्हणाले की अशा बायकांमुळेच कुटुंबसंस्था मोडकळीला आली आहे. म्हणाले तेव्हा सात वाजून गेले होते आणि त्यांच्या घरून तिसरा फोन आला होता.

कामात मात्र बाईंचा हात धरणारा कुणी नव्हता. बोलायच्या अस्सल राहुरीचं, पण कागदावर उतरलं की त्यांची टिपणी मंत्रालयात ठेवावी इतकी चोख. कुठल्या शिक्षकाची सेवा किती, कुणाची वेतनवाढ अडकली, कुणाचं पेन्शनचं प्रकरण कधी पाठवायचं, हे सगळं त्यांच्या डोक्यात असे. निवृत्त होणाऱ्या शिक्षकाचे कागद त्या सहा महिने आधी तयार ठेवायच्या. आमच्याकडे आलेला शिक्षक निवृत्त होऊन, नातवाची मुंज उरकून, कागद विचारायला परत यायचा. "बाई, तुम्ही एवढ्या लवकर कशा उरकता?" असं मी एकदा कौतुकानं विचारलं. त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, "मुळेभाऊ, खुडूक कोंबडी ठावं हाय का? दिसभर खुराड्यात बसती, जागची हालत न्हाई, हात लावला तर चोच मारती. आन् अंडं एक न्हाई. बसन्याला काम म्हनत न्हाईत." त्या दिवसापासून साडेपाचनंतरच्या आमच्या मंडळाला त्या खुराडं म्हणू लागल्या.

चहाचीही एक गोष्ट आहे. आमचा शिपाई रजेवर असला की चहा पाच बायकांपैकी कुणीतरी करायचा, अशी रीत होती. ती कुणी पाडली, हे विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं. बाईंनी एका सोमवारी भिंतीवर तक्ता लावला. शिपाई नसेल त्या दिवशी चहा कोण करणार, सेवाज्येष्ठतेप्रमाणे, पुरुष आणि बायका एकाच यादीत. पहिली पाळी तेव्हाच्या अधीक्षकांची, दुसरी बाईंची स्वतःची, तिसरी माझी. मी केलेला चहा साहेबांच्या पाहुण्यांनी कुंडीत ओतलेला मी स्वतः पाहिला. आम्ही पुरुषांनी विचार केला आणि यावर तोडगा काढला. आम्ही शिपायाच्या रजा नामंजूर करायला लागलो. पोराला ताप असताना तो कामावर आलेला पाहिला आणि बाई अधीक्षकांच्या टेबलापुढे जाऊन उभ्या राहिल्या. "रजा त्याची, तहान तुमची. तुमच्या तहानेपायी त्यानं का मरायचं?" म्हणाल्या. रजा मिळाली. मग बरेच दिवस आम्ही चहा बाहेरून मागवत होतो.

दुपारी सगळे एकत्र जेवायला बसायचो. बाईंच्या डब्यात कधी जाड, कधी एका बाजूनं करपलेली भाकरी असे. "आज मालकांचा हात जरा जड पडला," असं सांगून त्या ती चवीनं खायच्या. माझ्या डब्यात घडीच्या पोळ्या, दोन भाज्या, कोशिंबीर, चटणी. माझी बायको वैशाली पहाटे पाचला उठून तो करत असे. बाई घास घेऊन म्हणायच्या, "लई चवीचं. मुळेभाऊ, तुमच्या मस्टरवर खरी सही वहिनींची पायजे. हजर तुमी ऱ्हाता, काम त्या करत्यात." सगळे हसायचे. मीही हसायचो. घरी जाऊन हे वैशालीला सांगावं, असं कधी मनात आलं नाही.

आठ मार्चला आमच्याकडे महिलादिन साजरा होतो. म्हणजे बायकांनी त्या दिवशी दोन तास लवकर यायचं, काठापदराच्या साड्या नेसायच्या, दारात रांगोळी काढायची, साहेब आले की त्यांना ओवाळायचं, आणि मग खाली बसून आपण किती थोर आहोत ते साहेबांच्या तोंडून ऐकायचं. त्या वर्षी साहेब पाऊण तास बोलले. शेवटाकडे आवाज चढवून म्हणाले, "आजची स्त्री घर आणि नोकरी या दोन्ही आघाड्यांवर एकटी लढते आहे!" टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर बाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "साहेब, एक शंका हाय. दोन्ही आघाड्यांवर बाईच लढती, तर बाप्या हाय कुठं?"

साहेब हसले. माणूस मोठा, त्यांना हसणं परवडत होतं. आणि हसण्याच्या भरात त्यांनी जाहीर करून टाकलं की आजपासून संस्थेतल्या महिला कर्मचाऱ्यांना साडेपाचला जायची सवलत. आम्ही पुरुषांनी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या, कारण आता भेळेचे वाटे मोठे होणार होते. पण बाई उभ्या राहिल्या.

"सवलत नको, साहेब," त्या म्हणाल्या. "पाटीवर साडेपाच लिवलंय, ते समद्यांसाठी लिवलंय. नुसत्या बायांना सोडलं तर उद्या तुमीच म्हनाल, बाया घ्यायच्याच कशाला, त्या थांबत न्हाईत. सोडायचं तर ह्या बाप्यांना बी सोडा. ह्ये वेळेला घरी गेले तर ह्यांच्या बायका घराभाईर पडतील."

बाकीच्या चार बायका त्यांच्यावर इतक्या चिडल्या की महिनाभर त्यांच्याशी धड बोलल्या नाहीत. मिळतंय ते ही बया घालवते, असं त्यांचं म्हणणं. सवलत मात्र गेली नाही, साहेबांनी चौघींना ती दिली. पुढच्या वर्षी तीन लिपिक घ्यायचे होते. तिन्ही पुरुष घेतले. एका मुलीला सर्वांत जास्त गुण होते, पण साहेब म्हणाले, "बायका संध्याकाळी थांबत नाहीत हो." बाईंनी ते ऐकलं आणि नुसतं माझ्याकडे पाहिलं.

महिलादिनाला बाई बोलल्या त्यातलं शेवटचं वाक्य, बायका घराबाहेर पडतील हे, त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या होत्या, असं मला तेव्हाही वाटलं होतं. वैशाली बीएस्सी, बीएड. गणित शिकवायची. आमची मुलगी पहिलीत असताना वैशालीला राहुरीच्या एका शाळेत नोकरी लागली. दुपारची शाळा, घरी यायला साडेसात व्हायचे. मुलगी पाचला सुटायची. शेजारच्या काकू तिला पावणेसहापर्यंत सांभाळायला तयार होत्या, आठपर्यंत नव्हत्या. माझं घर कार्यालयापासून सायकलनं दहा मिनिटांवर. मी साडेपाचला उठलो असतो तर सगळं बसत होतं. पण खाली गाडी उभी होती. वैशालीनं वर्षभर ओढाताण केली आणि नोकरी सोडली. मी नातेवाइकांत सांगितलं की तिला झेपलं नाही. तीच मुलगी आता पुण्यात एका कंपनीत आहे. तिथे या सगळ्याला वर्क-लाइफ बॅलन्स म्हणतात म्हणे, आणि त्याचं शिबिर रविवारी, सुट्टीच्या दिवशी घेतात. ते ऐकून मला आमच्या साहेबांची आठवण झाली.

त्या महिलादिनानंतर लगेच बाईंनी एक अर्ज लिहिला होता. एकच पान. कार्यालयीन वेळ संपल्यावर सर्व कर्मचाऱ्यांस घरी जाता यावे, तातडीच्या कामासाठी थांबवायचे झाल्यास ते काम कोणते हे लेखी कळवावे. एवढीच मागणी. तो कागद घेऊन त्या प्रत्येकाच्या टेबलाशी गेल्या. शेळक्यांना नेमका तेव्हा पेन सापडेना. दुसऱ्या एकाचा हात मुरगळला होता. मी अर्ज दोनदा वाचला, एका ठिकाणी स्वल्पविराम हवा असं सुचवलं आणि कागद परत दिला. बाईंनी स्वल्पविराम घातला. खाली एकटीची सही करून अर्ज आत पाठवला. तो अजून आत आहे.

मग अधीक्षकांची जागा रिकामी झाली. सेवाज्येष्ठतेत पहिलं नाव ढोकणेबाईंचं, दुसरं माझं. कामाचं बघायचं तर दुसरं नाव वाचायचीही गरज नव्हती. बाईंना ती जागा हवी होती. एवढी वर्षं कधी काही न मागणारी बाई निवडीच्या दिवशी इस्त्रीची साडी नेसून आली होती, आणि डबा खाताना मला म्हणाली होती, "मला खुर्चीचं कौतिक न्हाई, मुळेभाऊ. पन त्या खुर्चीत बसून मला साडेपाचला उठायचं हाय. अधीक्षक उठला की समदे उठतील."

साहेबांनी आम्हा दोघांना एकदमच आत बोलावलं. घरचीच माणसं, चोरून काय बोलायचं, म्हणाले. बरोबर दोन संचालक होते, त्यातले एक झोपेत होते. साहेबांनी बाईंच्या कामाची तारीफ केली आणि म्हणाले, "अडचण एकच. तुम्ही संस्थेला पुरेसा वेळ देत नाही. मुळ्यांचं तसं नाही, ते आठ-आठपर्यंत बसतात." बाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, मग एक करा. मुळेभाऊंना इचारा, साडेपाचनंतर ते काय काम करत्यात. एक काम सांगू द्या. एक सांगितलं तर मी आपसूक माघार घेते."

साहेब माझ्याकडे वळले. खरं सांगायला फार काही लागत नव्हतं. "काही नाही, साहेब," एवढे तीन शब्द. ते बोललो असतो तर बाईंना जागा मिळाली असती आणि दुसऱ्या दिवसापासून सगळी माणसं दिवसाउजेडी घरी गेली असती. मी म्हणालो, "नेवाशाच्या कुंपणाची फाईल बघतो, साहेब." साहेबांनी समाधानानं मान हलवली. झोपलेले संचालक जागे होऊन म्हणाले, "कुंपण महत्त्वाचं."

बाई फक्त हसल्या. बाहेर आल्यावर जिन्यात थांबल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "त्या कुंपनाला वरीस झालं, मुळेभाऊ. रंग बी देऊन झाला. त्याचं शेवटचं पत्र माज्याच हातचं हुतं."

माझ्या तोंडातून कसंबसं निघालं, "मग आत का नाही बोललात?"

"मला ते तुमच्या तोंडून ऐकायचं हुतं," त्या म्हणाल्या, आणि घड्याळ बघून पिशवी आणायला गेल्या. साडेपाच वाजत आले होते.

मी अधीक्षक झालो. वैशालीनं शिरा केला. या खुर्चीत बसून आपण गाडीचा नियम बंद करू, असं मी स्वतःला बजावलं होतं. पहिल्याच आठवड्यात नव्या लिपिकांपैकी दोघे साडेपाचला उठले, तेव्हा "साहेब आहेत अजून" असं म्हणणारा मीच होतो. ते दोघे बसले. बाईंनी माझ्या हाताखाली सात वर्षं काम केलं. कधी वाकडा शब्द नाही, कामात कसूर नाही, 'मुळेभाऊ'चं 'साहेब' झालं नाही. फक्त अधूनमधून, गजर झाल्यावर जाता जाता माझ्या टेबलाशी थांबायच्या आणि उघड्या फायलीकडे बघून विचारायच्या, "कुंपनाला पालवी फुटली का, मुळेभाऊ?" मी त्यांना पाण्यात बघायला हवं होतं. पण मला त्यांची भीती वाटायची आणि त्या रजेवर असल्या की करमायचं नाही.

गेल्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. निरोप समारंभ चारला ठेवला होता. बाईंचे यजमान आले होते, पांढरा सदरा घालून, हातात पिशवी घेऊन. आणि बाईंनी वैशालीला स्वतः फोन करून बोलावलं होतं. "डब्याची ओळख हाय, मानसाची व्हायची राह्यलीय," असं म्हणाल्या होत्या. चारचे पाच झाले, साहेब पाच वाजून दहा मिनिटांनी आले. शाल, श्रीफळ, गुच्छ झाला. शेळक्यांनी बाईंच्या वक्तशीरपणावर चारोळी म्हटली. मग साहेब बोलायला उभे राहिले. "ढोकणेबाईंनी आपलं आयुष्य या संस्थेला वाहिलं," असं त्यांनी म्हटलं आणि बाईंच्या पिशवीत गजर वाजला.

गजर पूर्ण वाजू दिल्यावर बाईंनी शालीची घडी घातली, नारळ पिशवीत टाकला, चष्मा डबीत ठेवला. पाच मिनिटं त्यांनी रोजच्यासारखी घेतली. मग उभं राहून साहेबांना वाकून नमस्कार केला. "तुमचं चालू द्या, साहेब. माजी वेळ झाली." यजमान मागोमाग निघाले. दारात जाऊन बाई वळल्या, पण या वेळी आम्हाला 'बसा' म्हणाल्या नाहीत. दुसऱ्या रांगेत बसलेल्या माझ्या बायकोला म्हणाल्या, "वहिनी, येता का? लई वर्सं घरात बसलाय."

वैशालीनं माझ्याकडे पाहिलं. मी साहेबांकडे पाहिलं. माझी चूक कोणती, असं मला कुणी विचारलं तर मी हीच सांगेन. मी तिच्याकडे बघायला परत वळलो तोवर ती दारापर्यंत पोचली होती. साहेब आणखी पंचवीस मिनिटं बोलले, सत्कारमूर्तींच्या रिकाम्या खुर्चीला उद्देशून. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग सगळे आपापल्या टेबलाशी जाऊन बसलो. गाडी सात चाळीसला हलली.

घराला कुलूप होतं. दुसरी किल्ली माझ्याकडे होती, पण ती वापरायची वेळ इतक्या वर्षांत आली नव्हती, कुठली बाजू वर करायची तेही आठवेना. आत जाऊन मी खुर्चीत बसलो. पावणेनऊला वैशाली आली.

"कुठे होतीस?"

"राहुरीला. वीस वर्षांनी त्या रस्त्यानं गेले. बाईंच्या ओट्यावर बसले होते."

"काय केलंत तिथे?"

"काही नाही. बसलो. चहा त्यांच्या मालकांनी केला." तिनं पर्स ठेवली. "तुम्ही जेवलात?"

"नाही. तुझी वाट बघत बसलो होतो," मी म्हणालो. म्हणताना माझं मलाच ऐकू आलं.

वैशाली म्हणाली, "बाई म्हणाल्या, घरी गेल्यावर मुळेभाऊंना एवढंच विचारा, नेवाशाचं कुंपण कधी झालं. पुढचं त्या सांगेनात. म्हणाल्या, ते त्यांच्या तोंडून ऐका."

या वेळी खाली कुणाची गाडी उभी नव्हती. मी सगळं सांगितलं. आठ वर्षांपूर्वी पुरं झालेलं कुंपण, एकोणिसावं पान, भेळ, खिडकीतला माणूस, साहेबांच्या केबिनमधलं माझं उत्तर, आणि ती जागा खरी कुणाची होती ते. संपल्यावर वैशाली म्हणाली, "म्हणजे मी राहुरीची शाळा सोडली, तेव्हाही तुम्ही तिथे नुसते बसलाच होतात?"

"हो," मी म्हणालो.

तिनं माझ्यासमोरची खुर्ची ओढून घेतली आणि बसली. रात्रीच्या जेवणाच्या वेळी तिला अशी स्वस्थ बसलेली मी कधी पाहिली नव्हती. ती उठायची चिन्हं दिसेनात, तेव्हा मी उठलो. तांदूळ सापडले, धुतले, कुकर चढवला. किती शिट्ट्या काढायच्या, ते तिला विचारावं लागलं.